रविवारी घरी येता येईल अशी जागा

शालूचा हात सैल होता. नुसतं एवढं सांगून भागायचं नाही, कारण सैल हाताच्या बायका आंबिवलीपासून मोहन्यापर्यंत प्रत्येक गावात दोन-चार सापडतील. शालूचं वेगळं होतं. तिचा हात आधी उठायचा आणि आपल्याला राग आलाय हे तिला मागाहून कळायचं. गावातल्या जमिनी विकल्या जात होत्या तेव्हा एका बिल्डरच्या मुकादमाने कुंपणाचे खांब तिच्या शेतात चांगले हातभर आत पुरले. भाऊबंद म्हणाले, मोजणीवाल्याला बोलावू, अर्ज करू. शालू पदर खोचून गेली, एक खांब उपटला आणि त्याच खांबाने मुकादमाचे पुढचे दात घशात घातले. मग खांब त्याच्याच अंगावर टाकून म्हणाली, "आता मोजा." तेव्हापासून गावातल्या बायका शालूकाकीचं नाव सांगून पोरांना जेवायला बसवायच्या.

नवरा गोपीनाथ म्हणजे गरीब गाय. भाड्याने दिलेल्या खोल्यांवर नजर ठेवायची आणि संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसायचं, एवढाच त्याचा उद्योग. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूच्या, जाईबाईच्या सांगण्यावरून त्याने शालूवर एकदा हात उचलून बघितला. शालूने त्याला कमरेला धरून उचलला आणि ओटीवरून अंगणात आणून टाकला. मग घरात जाऊन हळद गरम केली आणि त्याची कंबर शेकत बसली. जाईबाई दारात उभी राहून हे बघत होती. त्यानंतर त्या घरात शालूला कोणी काही सांगायला गेलं नाही.

पण हा हात काही आभाळातून पडला नव्हता. शालूचं माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं. आई ठमाबाई मिठागरात राबायची, बाप मीठ ओढायचा आणि उरलेल्या वेळात प्यायचा. शालू शाळेत हुशार होती, हे आज कोणाला सांगितलं तर हसतील. सातवीनंतर बापाने तिचं दप्तर खाडीत भिरकावलं. ती त्याच्यामागे पाण्यात उतरली तर केसाला धरून तिला फरफटत घरी आणली आणि मीठ ओढायच्या फावड्याच्या दांड्याने पाठ फोडली. ठमाबाई मध्ये पडली तर तिचंही डोकं फुटलं. शालू त्या दिवशी रडली नाही. ज्याचा हात आधी पडतो त्याचंच ऐकलं जातं, एवढा एक धडा तिने घेतला, आणि तो मात्र पक्का पाठ केला.

म्हणून पोटी एकुलती एक पोरगी झाली, निशिगंधा, तेव्हा शालूने मनात ठरवून टाकलं की ही शिकणार. आणि कशी शिकणार? तर मार खाऊन शिकणार. शालूला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. तिच्याकडून जे मारून काढून घेतलं होतं ते ती मारूनच पोरीच्या गळी उतरवायला बसली. पाढा चुकला की उलथनं. अक्षर वाकडं आलं की पाठीत धपाटा. वर्गात दुसरा नंबर आला त्या दिवशी तर पोरगी कणगीमागे लपली होती, आणि शालूने कणगीसकट तिला बाहेर ओढली होती. शेजारणी म्हणायच्या, अगं मारून टाकशील एक दिवस. शालू म्हणायची, "मरंल पण अडानी नाय राहनार."

नववीत असताना एक प्रकार झाला. चुलत बहिणीची हळद होती. आता आमच्याकडची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, डीजे, नाच, मटण, सगळं गाव मांडवात. दुसऱ्या दिवशी निशिगंधाचा गणिताचा पेपर होता आणि पोरगी गुपचूप जाऊन नाचत होती. शालू मांडवात शिरली, नाचणाऱ्या पोरींमधून तिचं मनगट पकडलं आणि असा हिसका दिला की डीजेच्या आवाजातसुद्धा जवळच्या बायकांना तो कट्‌ आवाज ऐकू गेला. डॉक्टरला सांगितलं, पडली. डॉक्टरने एकदा शालूकडे आणि एकदा पोरीकडे बघितलं. निशिगंधाने मान हलवली, हो, पडले.

हाड सांधेपर्यंत शालूने तिला स्वतःच्या हाताने भरवलं. माशातला एकेक काटा काढून, भाताचे गोळे करून. भरवता भरवता तिच्या डोळ्यांना धार लागायची, आणि ती खोटी नव्हती बरं का. पण निशिगंधा त्या दिवसापासून रडायची बंद झाली. हाक मारली की यायची, सांगितलेलं करायची, नव्वदाच्या खाली कधी गेली नाही. घरात असून नसल्यासारखी. शालूला वाटलं, चला, पोरगी वळणावर आली.

बारावीनंतर निशिगंधाने फिजिक्स घेतलं. डॉक्टर नाही, इंजिनियर नाही, फिजिक्स. गावात कोणाला त्याचा अर्थ लागेना. ठाण्याच्या कॉलेजात तिला मेघना मॅडम भेटल्या. मॅडम मूळच्या मोहन्याच्या, चाळीतल्या. वडील रेयॉनच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडल्यावर आईने, भीमाबाईंनी, शिलाई मशीन चालवून मुलीला शिकवलं. मॅडम आता ठाण्यातच राहायच्या. आवाज हळू, साडी सुती, आणि समोरचा कितीही तापला तरी स्वतः कधी तापायच्या नाहीत. शालूला ही बाई आवडली की नाही हे शालूलाच सांगता आलं नसतं, पण तिच्यासमोर तिचा हात पदराखाली राही.

निशिगंधाचं एमएस्सी संपत आलं तेव्हा मॅडम एका दुपारी घरी आल्या. शालूने चहा, तांदळाची बोरं, काय काय पुढे ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "शालूताई, हिने आता पीएचडी करावी. क्वांटम फिजिक्समध्ये. सध्या सगळं जग यावर पैसा ओततंय, आपलं सरकारसुद्धा. संशोधनाच्या जागा निघताहेत. पण एकेका जागेला शेकडो मुलं असतात."

"म्हंजे आजून परीक्षा?"

"प्रवेशाची परीक्षा ती पास झालीय. आता मुलाखत. पीएचडी म्हणजे असं बघा, आजवर कोणालाच उत्तर माहीत नाही अशा प्रश्नावर पाच वर्षं काम करायचं. दरमहा मानधन मिळतं."

"उत्तर कोनालाच म्हायती नाय, तर हिचा चुकला ते समजनार कसा?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, "ते समजायलाच पाच वर्षं लागतात."

शालूने पोरीकडे वळून विचारलं, "पन करनार काय गं तू तितं?" निशिगंधा क्वचितच इतकं बोलायची, पण त्या दिवशी बोलली. "एक अणू पकडून ठेवायचा, आई. हवा काढून घेतलेल्या डब्यात, विजेच्या जोरावर अधांतरी. कशाला टेकू द्यायचा नाही. लेझर सोडून त्याला शांत करायचं आणि मग त्याच्याशी अगदी हळू वागायचं. जरा धक्का लागला की सगळं बिघडतं."

"लय नखरे त्याचे," शालू म्हणाली. मॅडम पुन्हा हसल्या, निशिगंधा हसली नाही.

मॅडमनी दोन ठिकाणं सांगितली. एक मुंबईतली मोठी संस्था, समुद्राच्या काठाला. दुसरं तिकडे ऑस्ट्रिया नावाच्या देशात, डोंगरातल्या एका गावात. ऑस्ट्रियाचं शालूने ऐकून सोडून दिलं. तिने मुंबईचं धरलं, कारण मॅडम सहज बोलून गेल्या होत्या की तिथे हॉस्टेल आहे, पण रविवारी घरी येता येईल. झालं. शालूच्या डोक्यात तोच रविवार घर करून बसला. पोरगी शनिवारी रात्री येणार, रविवारी आपण खाडीचा जिताडा मासा आणणार, डोकं निशीला द्यायचं, शेपटी तिच्या बापाला. गावात सांगायचं, माझी पोरगी सायंटिस्ट आहे, पण दर आठवड्याला आईच्या हातचं जेवते. शालूला आयुष्यात एवढी एकच गोष्ट मनापासून हवीशी वाटली. पोरगी मोठी व्हावी आणि तरी आपली राहावी, दोन्ही.

इथे मध्ये आला तानाजी. तानाजी म्हणजे गोपीनाथचा धाकटा भाऊ, गळ्यात बोटाएवढी चेन आणि नाक्यावर स्वतःच्या वाढदिवसाचा बॅनर, खाली लिहिलेलं, भावी नगरसेवक. गेली कित्येक वर्षं भावीच. त्याने कल्याणच्या एका बड्या माणसाच्या घरात निशिगंधाचं स्थळ जमवायला घेतलं, कारण त्या घरातून त्याला तिकीट मिळायची आशा होती. शालूने त्याला तोंडावर नाही सांगितलं होतं. तरी एका दुपारी तो पाहुण्यांची गाडी घेऊन दारात हजर झाला. आणि नेमकी त्याच वेळी आतल्या खोलीत निशिगंधा लॅपटॉपसमोर बसली होती. ऑस्ट्रियाच्या प्रोफेसरांनी तिची मुलाखत लावली होती.

"पोरीला बोलवा, वयनी," तानाजी ओटीवरून म्हणाला.

"ती परीक्षेला बसलीय. नंतर या."

"घरात बसून कसली परीक्षा? त्या चाळीतल्या मॅडमने पोरीचं डोकं फिरवलंय, दुसरं काय नाय." असं म्हणून तो शालूला बाजूला सारून आत गेला. दार ढकललं. निशिगंधा इंग्रजीत काहीतरी बोलत होती ती अर्ध्यात थांबली. तानाजीने लॅपटॉप फाडकन मिटला आणि तिच्या कानाखाली वाजवली. पोरगी खुर्चीवरून खाली गेली, तिचं डोकं पलंगाच्या पट्टीवर आपटलं आणि कपाळातून रक्त आलं.

शालू मोरीतून धोपाटणं घेऊन आली. कपडे धुवायचं, जुन्या सागाचं, सासूच्या सासूच्या काळातलं. पहिला घाव तानाजीच्या खांद्यावर बसला आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. तो ओरडत वळला तर दुसरा गुडघ्यावर. तो खाली बसला, तर तिसरा पाठीत. त्याने तिचा पाय ओढून तिला पाडायला बघितलं, तेव्हा ती त्याच्या मनगटावर दोन्ही पायांनी उभी राहिली आणि त्याच्या तोंडावर मारत राहिली. पाहुण्यांमधला एक गडी सोडवायला आला, तर त्याच्याही कोपरावर धोपाटणं बसलं. गोपीनाथ दारात "शालू, शालू" करत उभा होता. शेवटी तानाजीला चेनीला धरून तिने फरफटत ओटीवर आणला आणि पायरीवरून खाली लोटून दिला. त्याचा एक दात उंबऱ्याशी पडला होता, तो तिने पायानेच बाहेर ढकलला.

मग ती आतल्या खोलीच्या दाराशी धोपाटणं आडवं धरून उभी राहिली. आत निशिगंधाने ओढणीने कपाळ दाबून धरलं, लॅपटॉप उघडला आणि पुन्हा जोडून घेतलं. नेट गेलं होतं, सॉरी, असं काहीसं ती इंग्रजीत म्हणाली. बाहेर तानाजी आईबहिणीवरून शिव्या देत होता, पाहुणे गाडी वळवत होते, आणि आतून पोरीचा शांत आवाज येत होता. शालूला एक अक्षर कळत नव्हतं. पण आपण पोरीसाठी उभ्या आहोत ह्याने तिची छाती भरून आली होती. मुलाखत संपल्यावर निशिगंधा बाहेर आली तेव्हा शालूने विचारलं, "झाला ना नीट?" निशिगंधा आईच्या हातातल्या धोपाटण्याकडे बघत म्हणाली, "झालं." आणि तोंड धुवायला गेली.

तानाजी पोलिसात गेला नाही. बाईकडून एवढा मार खाल्ला हे कोणत्या तोंडाने लिहून देणार? गावात मात्र शालूचं नाव झालं ते झालंच.

मुंबईची मुलाखत पुढच्या महिन्यात होती. निशिगंधाने आधीच सांगून ठेवलं, "आई, मी एकटी जाणार. कोणी यायचं नाही." शालू हो म्हणाली. आणि हो म्हणूनही तिने घोळ घातलाच. कारण आमच्याकडे महत्त्वाच्या कामाला माणूस एकटा जात नाही. ठाण्याच्या कोर्टात तारीख असो, निवडणुकीचा फॉर्म भरायचा असो, नाहीतर दवाखान्यात कोणी ॲडमिट असो, सगळं गाव जातं, चार गाड्या तरी दिसल्याच पाहिजेत. माणसं दिसली की समोरचा नीट बोलतो, हे इथलं शहाणपण. पोरगी एकटी गेली तर त्या मोठ्या संस्थेतले लोक म्हणतील हिला मागेपुढे कोणी नाही, आणि जागा देतील दुसऱ्याला. शालूला हे इतकं स्वच्छ दिसत होतं की तिने माहेरच्या भावांना फोन लावला. पोरगी पहाटे निघाली. तिच्यामागून थोड्या वेळाने पांढऱ्या मोठ्या गाड्यांची रांग निघाली, त्यात भाऊ, भाचे, त्यांचे दोस्त, काळे गॉगल, आणि पुढच्या गाडीत नऊवारी नेसलेली शालू, मांडीवर देवीच्या नावाचा नारळ.

संस्थेच्या फाटकावर गाड्या आडव्या लागल्या. गार्डने पास मागितला. भाचा म्हणाला, "पास काय मागतो, बहीण आलीय मुलाखतीला आमची." गार्डने हात पुढे केला, भाच्याने तो झटकला, दुसरा गार्ड धावत आला आणि धक्काबुक्की सुरू झाली. कोणाचीतरी टोपी उडाली, कोणाचा शर्ट फाटला. बाजूला मुलाखतीला आलेली पोरंपोरी फाइली छातीशी धरून मागे सरकली. तेवढ्यात एक सडपातळ गृहस्थ, पायात साध्या चपला, केस विस्कटलेले, मध्ये आले आणि शालूला म्हणाले, "बाई, गाड्या काढा आधी. हे काही मैदान नाही. असं करून तुमच्या मुलीचं नुकसान होईल."

नुकसान हा शब्द शालूने ऐकला आणि हात उठला. त्यांच्या गालावर असा बसला की ओठ दातावर फाटला आणि रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर आलं. भाच्याने वरून त्यांची कॉलर धरली आणि त्यांना फाटकाच्या लोखंडावर आपटलं. शालूने मान वर केली तेव्हा तिला रांगेत उभी असलेली निशिगंधा दिसली. पोरगी ओरडली नाही, धावत आली नाही. आईकडे एकदा बघून तिने नजर काढून घेतली आणि बाकीच्यांबरोबर फाटकातून आत गेली, ओळख नसल्यासारखी.

पोलीस आले, भाच्याला बसवून ठेवलं. त्या गृहस्थांनी तक्रार द्यायला नकार दिला म्हणून संध्याकाळी सुटका झाली. कोणीतरी शालूला सांगितलं, बाई, मुलाखत घेणाऱ्यांतले एक तेच होते.  ती गाडीत जाऊन बसली. कल्याण आलं तरी नारळ मांडीवर तसाच होता.

त्यानंतर घरात गेले तसे दिवस शालूच्या आयुष्यात कधी आले नव्हते. निशिगंधा त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या, भांडली असती तर शालूला बरं वाटलं असतं. ती जेवायची, ताट धुवायची, खोलीत जायची. मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "ऑस्ट्रियाचं झालं. चार वर्षांची नोकरीच आहे तशी. व्हिसा आला की जाणार." गोपीनाथ चहा बशीत ओतायचं विसरला. शालूने विचारलं, "आनि मुंबई?" निशिगंधा म्हणाली, "मुंबई नाही."

शालूने कपाळावर हात मारून घेतला, नुसता म्हणायला नाही, खरोखर, दोनदा तीनदा, गोपीनाथने धरेपर्यंत. आपल्याच हाताने आपण पोरीची जागा घालवली. आपलाच रविवार आपण फोडला. जन्मभर ह्या हाताने कोणाकोणाला मारलं त्याचा तिला कधी पस्तावा झाला नव्हता, तो आता एकदम सगळा झाला, आणि झोप उडाली, जेवण जाईना. अखेर तिने ठरवलं की त्या प्रोफेसरांचे पाय धरायचे. मला मारा, जोडे मारा, पण पोरीला घ्या, म्हणायचं. तिने चांगला मोठा जिताडा आणला, डब्यात बर्फावर ठेवला आणि रिक्षा, बस करत ठाण्याला मेघना मॅडमच्या घरी गेली, कारण त्या प्रोफेसरांना ओळखणारं दुसरं कोणी तिला ठाऊक नव्हतं.

मॅडमनी दार उघडलं. शालू आत येऊन खाली फरशीवरच बसली आणि डबा पुढे सरकवला. "मॅडम, मना त्यांच्याकडं न्या. मी त्यांचे पाय धरतंय. माझ्यापायी पोरीची मुंबई गेली."

मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या. "शालूताई, तुम्हाला निशीने सांगितलं नाही?"

"काय सांगनार?"

"त्यांनी तिला घेतलं होतं. त्याच दिवशी. सरांच्या ओठाला टाके पडले होते, तसेच ते मुलाखतीला बसले. निशी माफी मागायला लागली तर म्हणाले, ते फाटकाबाहेरचं झालं, इथे फळ्यावर या. तासभर त्यांनी तिला प्रश्न विचारले. मला स्वतः फोन करून म्हणाले, मुलगी उत्तम आहे, आम्हाला हवी आहे. जागा तिच्या नावावर होती." मॅडम शालूसमोर फरशीवर बसल्या. "तिनेच नको म्हणून कळवलं."

शालूला काही उमजेना. तिने पुन्हा विचारलं आणि मॅडमनी पुन्हा तेच सांगितलं. डबा तिथेच ठेवून शालू उठली. मॅडम म्हणाल्या, पाणी तरी घ्या. शालूने ऐकलं नाही. परतीच्या वाटेवर तिच्या अंगाचा तिळपापड होत गेला. आपण रोज मरत होतो आणि ही कार्टी गप्प बसून बघत होती. आपल्याला दोषी ठरवून मजा बघत होती. आंबिवलीला उतरेपर्यंत तिचा पस्तावा पार उडून गेला होता आणि रागच उरला होता.

निशिगंधा खोलीत बॅग भरत होती. पलंगावर गरम कपड्यांचे ढीग. गोपीनाथ बाहेर गेला होता. शालूने दार आपटून लावलं आणि विचारलं, "मुंबईने तुला घेतली व्हती?"

निशिगंधाने हातातला स्वेटर घडी करून ठेवला. "हो."

"मग नाय का बोललीस? घराजवल मिळत व्हतं, तर तिकडं कशाला मराय जातंस?"

पोरगी सरळ बघत होती. आवाजही चढला नाही. म्हणाली, "तिकडचं काम चांगलं आहे. मुंबईचंही चांगलंच होतं, खरं सांगायचं तर जास्त चांगलं. पण मुंबईहून रविवारी घरी यावं लागलं असतं, आई. तू गाड्या घेऊन न्यायला आली असतीस. मी नाही आले असते तर तिथे येऊन कोणाला तरी मारलं असतंस. काकाला मारलंस ते माझ्यासाठी, सरांना मारलंस ते माझ्यासाठी, मनगट मोडलंस तेही माझ्यासाठीच. मला आता कोणी माझ्यासाठी काही मोडायला नको. तू येऊ शकणार नाहीस अशी जागा मी शोधत होते. ती ऑस्ट्रियाला मिळाली."

शालूचा हात उठला. नेहमीसारखाच, तिच्या आधी.

आणि निशिगंधाने चष्मा काढला. घाई न करता, दोन्ही काड्या मिटल्या, पलंगावरच्या कपड्यांवर नीट ठेवला, केस कानामागे सारले आणि गाल पुढे करून डोळे मिटून उभी राहिली. कपाळावर पलंगाच्या पट्टीची खूण अजून तांबूस होती. पोरगी घाबरलेली नव्हती. गाय दाव्याला सवयीने उभी राहते तशीसुद्धा नव्हती. ती फक्त हे एकदाचं उरकायची वाट बघत होती, म्हणजे पुन्हा बॅग भरता येईल.

शालूचा हात वरच राहिला. तिला दिसलं की पोरीला हे सगळं पाठ आहे, चष्मा कुठे ठेवायचा, मान किती वळवायची, दात कसे आवळायचे. कधीपासून पाठ आहे कोण जाणे, शालूने आजवर मारताना तिच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं. उचललेला हात मारल्याशिवाय खाली कसा आणायचा, हे तिला बापाने शिकवलं नव्हतं, आईने नाही, कोणीच नाही. ती तशीच उभी राहिली, खांदा दुखायला लागला तरी, आणि तिच्या घशातून कधी न ऐकलेला एक आवाज आला.

हात खाली आला, तो कोणाला लागला नाही. तोवर निशिगंधाने डोळे उघडले होते, चष्मा चढवला होता आणि ती पुन्हा घड्या घालायला लागली होती.